अर्धा इंच

ऑरिनने दोन टायर शेजारी उभे केले, टेप ओढली.
जुना साडेअठ्ठावीस, नवा साडेएकोणतीस.
"म्हणजे इंचभर उंच," मी म्हटलं.
"अर्धा," सूर्यफुलाचं टरफल थुंकत तो म्हणाला.
"चाक आसापासून दोन्हीकडे वाढतं, मार्लिस.
अर्धा इंच गाडीच्या पोटाखाली येईल, तो तुझा.
उरलेला वर, मडगार्डच्या अंधारात जाईल.
पैसे मात्र अख्ख्या इंचाचे."

मला तेवढाच हवा होता.
मसलशेल नदीच्या वरच्या अंगाला
इव्हर स्टोरलीच्या रस्त्यात मधोमध एक वरंबा आहे,
ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडून उपसून ठेवलेला,
आणि मार्चमधला तिथला चिखल
बूट काढून घेतल्याशिवाय पाय सोडत नाही.
दोन हिवाळे मी गाडी फाटकाशी ठेवून
पाऊण मैल चालत गेले
मलमपट्टीची पिशवी छातीशी धरून,
मंगळवारी आणि शुक्रवारी,
त्याच्या पायाची न भरणारी जखम धुवायला.

ऑरिन सज्जन माणूस. विकण्याआधीच सगळं सांगून मोकळा झाला.
मी ऐकलंही,
दातांच्या डॉक्टरचं ऐकतात तसं.

आता गॅलनला अडतीस मैलांचे तेहतीस झालेत.
न दिसणारा कुणी जाडजूड पाहुणा मागे बसवल्यासारखी
गाडी चढावर धापा टाकते.
जिथे इंजिन गप्प झोपलेलं असायचं
तिथे ते दचकून उठतं, बॅटरीला म्हणतं,
सरक, तुला नाही झेपायचं.
काटा साठवर असतो तेव्हा मी बासष्टवर असते.
मीटरचे शंभर मैल रस्त्याचे साडेतीन जास्त,
म्हणजे माझ्या गाडीने आता
दर वर्षाला बारा-तेरा दिवस वय चोरायला सुरुवात केली आहे.
दवाखाना मैलामागे पैसे देतो, मीटर बघून.
ते साडेतीन मी पदरचे चालवते.

शांततेचा हिशेब मात्र ऑरिनलाही सुचला नव्हता.
पहाटे गावातून निघताना गाडी विजेवर सरकायची,
कुंपणापाशी हरिणं मान वर न करता चरत राहायची,
आणि दिवसातली तेवढीच पाच मिनिटं
कुणी मला काही दुखतंय म्हणून सांगत नसायचं.
आता रबराचे ते ठोकळे डांबरावर घुमतात,
शेजारच्या घरात गिरणी लावल्यासारखे.
हरिणं उधळतात.
रेडिओवरचा हवामानवाला वारा कुठून येणार ते सांगतो
आणि दिशा तेवढी नेमकी बुडते.

पहिल्या शुक्रवारी वरंब्याने पोटाला अंग घासलं,
मांजर पायात घोटाळतं तसं, हलकेच,
आणि सोडलं.
मी थेट दारात.
दार उघडं. टेबलावर दोन मग, दोन्हींतून वाफ.
"वळणावरूनच ऐकू आलीस," इव्हर म्हणाला.
"आधी कळायचंच नाही. एकदम दारात उभी!
मी आपला दरवेळी अर्धी दाढी केलेला,
नाहीतर तोंड उघडं टाकून खुर्चीत.
आता चार मिनिटं मिळतात."
शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली,
केस पाण्याने चापून बसवलेले,
चांगल्या पायात मोजा.

मी जखम मोजली, वहीत लिहिली:
तीन सेंटिमीटर, कडा कोरड्या.
कॉफी भयंकर कडू होती. संपवली.

निघताना रिव्हर्समध्ये चाकं पूर्ण डावीकडे वळवली
की आतल्या प्लास्टिकला खर्रकन घासतात.
ये कधीतरी, कापून देतो, ऑरिन म्हणाला होता.
जाणं होत नाही.
मी दोन दमांत वळते,
आणि खिडकीच्या काचेआडून इव्हर हातवारे करत असतो,
ये, ये, अजून थोडी, बस्स,
जिथून त्याला माझं एकही चाक दिसत नाही.